क्रूझ सुटत नाही, गाडी आपोआप ओढते: रस्त्यावर काय करायचं आणि नंतर कोणाला गाठायचं

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्याकडे क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग टिकवणारी सोय, खऱ्या अर्थानं वापरात आलं. त्याआधी स्टिअरिंगवर बटण असायचं, पण सोलापूर रोडवर ट्रॅक्टर, बैल आणि उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल सांभाळत ते लावणार कोण? आता ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता आणि १२० ची मर्यादा मिळाल्यावर लोक क्रूझ लावतात, आणि ते बिघडलं की काय होतं हेही त्यांना तिथंच कळतं.

माझ्या गाडीत क्रूझ वेळेवर सुटत नव्हतं. ब्रेकला हलका पाय लावला तरी इंजिन ओढतच राहायचं, जोरात दाबला की सुटायचं. सर्व्हिस सेंटरला नेली की सगळं ठीक. ‘सर, आम्हाला तर काहीच दिसत नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकणार आहात, म्हणून आधीच सांगतो: असा येऊन-जाऊन असणारा दोष वर्कशॉपमध्ये दिसत नाही. तो तुमच्याकडच्या नोंदींत दिसला पाहिजे. खालच्या निम्म्याहून जास्त पायऱ्या त्याच कामाच्या आहेत.

१. आधी दोष आहे की गाडीचा स्वभाव, ते ठरवा

‘गाडी आपोआप पळाली’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यातल्या काही दोष नसतातच.

सगळ्यात जास्त घाबरवणारं बटण म्हणजे ‘रिझ्यूम’. तुम्ही ११० वर क्रूझ लावलं होतं, टोलसाठी रद्द केलं, टोलनंतर ५० वर आलात आणि ‘सेट’ऐवजी ‘रिझ्यूम’ दाबलं. गाडीला ११० आठवतं, ती तिकडे झेपावते. बऱ्याच गाड्यांत ‘रिझ्यूम’ आणि ‘प्लस’ एकाच बटणावर असतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. दुसरं, साधं क्रूझ चढावर वेग टिकवायला ऑटोमॅटिक गिअर खाली आणतं आणि इंजिन एकदम गरजतं. वेगाचा काटा मात्र जागेवरच असतो. उतारावर उलटं: सेट केलेल्या वेगापेक्षा गाडी जास्त पळते, कारण अनेक गाड्यांत साधं क्रूझ ब्रेक मारत नाही. म्हणून घाटात क्रूझ बंद. पावसातही बंद.

रडारवालं, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर त्याचे नखरे वेगळे. पुढचा ट्रक लेन सोडून बाजूला गेला की रस्ता मोकळा झाला असं समजून गाडी वेग घेते. वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेतून निसटली तरी तेच. रॅम्पवरून महामार्ग सोडताना हा प्रकार अंगाशी येऊ शकतो, तिथं पोहोचण्याआधीच रद्द करा. उभी असलेली गाडी, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, जनावरं यांच्या बाबतीत त्या यंत्रणेवर अजिबात विसंबू नका. गाडीच्या पुस्तकातही तेच छापलेलं असतं, फक्त ते पान कोणी उघडत नाही.

आता खरे दोष: ब्रेक, क्लच किंवा ‘कॅन्सल’ दाबूनही क्रूझ न सुटणं, सपाट रस्त्यावर सेट वेगाच्या वर चढत जाणं, सेट न करताच चालू होणं, आणि क्रूझ बंद असताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढणं. क्रूझ मधेच आपोआप बंद पडणं धोक्याचं वाटत नाही, पण त्यामागे पुष्कळदा तोच स्विच असतो ज्याच्याबद्दल पुढे सांगणार आहे. तीही तक्रार नोंदवाच.

पार्किंगमध्ये गाडीनं अचानक उडी मारली असेल तर स्वतःशी प्रामाणिक राहा. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० वरून असाच गदारोळ झाला होता. सरकारी तपासणीत बहुतेक घटनांचं कारण निघालं ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडलेला पाय. तुमच्या गाडीत खरोखर दोष असला तरी कंपनी पहिलं उत्तर हेच देणार, त्याचीही तयारी ठेवा.

२. गाडी ऐकत नसेल तेव्हा: क्रम पाठ करा

हा भाग गाडी उभी असताना वाचा, घरातल्या जो कोणी ती गाडी चालवतो त्याला वाचून दाखवा.

(क) ब्रेक एकदाच, जोरात, आणि दाबूनच ठेवा. दाब-सोड, दाब-सोड करू नका. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असला की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. साठवलेला असतो तेवढाच, आणि दोन-तीन वेळा पंप केलात की तो संपतो. मग पेडल दगडासारखं लागतं आणि लोक सांगतात, ‘ब्रेक फेल झाला’. ब्रेक फेल नसतो, त्याची मदत संपलेली असते.

(ख) लगेच न्यूट्रल. मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की काम झालं, याहून झटपट उपाय नाही. ऑटोमॅटिक किंवा एएमटीमध्ये (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत) लिव्हर ‘डी’वरून ‘एन’वर ढकला, ‘आर’ किंवा ‘पी’कडे जाऊ नका. गोल नॉब किंवा बटणवाल्या गाडीत ‘एन’ काही क्षण धरून ठेवावं लागतं, इलेक्ट्रिक गाड्यांतही बहुधा तसंच. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. आजच्या गाड्यांत आरपीएमला मर्यादा घातलेली असते, आणि समजा इंजिन गेलंच तरी ते बदलता येतं.

२०१८ साली फियाट क्रायस्लरनं अमेरिकेत ४८ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण विशिष्ट परिस्थितीत क्रूझ रद्दच होत नव्हतं. त्या मालकांना दिलेला सल्ला हाच होता: न्यूट्रल करा, ब्रेक जोरात दाबा, थांबल्यावर पार्कमध्ये टाका, आणि सॉफ्टवेअर अपडेट होईपर्यंत क्रूझ वापरू नका.

(ग) हॅझर्ड दिवे लावून डावीकडे या. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे, ब्रेक आहे, फक्त इंजिन चाकांपासून सुटलं आहे.

(घ) न्यूट्रल लागतच नसेल तरच इंजिन बंद करा. पुश-बटण गाडीत एकदा टिचकी मारून चालत नाही. साधारण तीन सेकंद दाबून धरायचं, काही गाड्यांत पटापट दोन-तीनदा दाबायचं. तुमच्या गाडीत काय आहे ते पुस्तकात आजच बघून ठेवा. किल्लीवाल्या गाडीत किल्ली फक्त एक घर मागे. ‘लॉक’पर्यंत नेलीत किंवा बाहेर काढलीत तर स्टिअरिंग लॉक होईल आणि ते जास्त महागात पडेल. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते, दोन्ही जड होतात, पण चालतात.

(च) इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत तो खेचून धरला की गाडी नियंत्रित पद्धतीनं थांबते. जुना तारेचा हँडब्रेक मात्र वेगात झटक्यानं ओढू नका, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

न्यूट्रलची सवय हाताला आधीच लावा. मोकळ्या मैदानात, ताशी वीसच्या वेगात, अ‍ॅक्सिलरेटर सोडून ‘डी’वरून ‘एन’ करून बघा. न बघता हात तिथं गेला पाहिजे.

३. थांबल्यावर: गाडी बंद करण्याआधी मोबाईल काढा

आधी माणसं गार्डरेलच्या पलीकडे, रिफ्लेक्टर त्रिकोण मागे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही ११२. समृद्धी हा राज्याचा रस्ता आहे, त्याचा हेल्पलाइन नंबर टोलवर लावलेला असतो, तो निघतानाच फोनमध्ये घेऊन ठेवा.

गाडी सुरक्षित जागी असेल तर इग्निशन बंद करण्याआधी डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या: क्रूझचं चिन्ह, सेट केलेला वेग, पेटलेले इशारे, ओडोमीटर, घड्याळ. इशाऱ्याचे काही दिवे इंजिन पुन्हा सुरू केलं की गायब होतात. डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड काढून खिशात घाला. डॅशकॅम जुन्या फाइलवर नवीन फाइल लिहीत जातो, आणि टोइंगच्या प्रवासात तुमचा पुरावा पुसला जातो.

पायाखालचा फोटोही तेव्हाच. मॅट कुठे आहे, पेडलखाली पाण्याची बाटली आली आहे का. नंतर मॅट सरळ करून घेतलेल्या फोटोला अर्थ नाही.

चाकांना हात लावू नका, तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. गाडी चालवत पुढे नेऊ नका. आरएसएला (रस्त्यावर मदत देणाऱ्या सेवेला) फोन करून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक, मागवा, विशेषतः ऑटोमॅटिक असेल तर.

४. घरच्या घरी तपासायच्या गोष्टी

यातल्या कोणत्याही गोष्टीला पाना-पक्कड लागत नाही.

मॅट: २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ लेक्सस गाडीला भीषण अपघात झाला, महामार्ग पोलीस दलातला एक अधिकारी आणि त्याचे तीन नातेवाईक गेले. गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबर मॅट टाकलेली होती आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. त्यानंतर टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या, काही मॅटसाठी, काही चिकटणाऱ्या पेडलसाठी. पुढे नासाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक्स तपासलं. मोठा थ्रॉटल उघडेल असा दोष त्यांना त्यात सापडला नाही. आपल्याकडे अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात ‘सेव्हन-डी’ मॅट घालतात, खाली कंपनीची मॅट तशीच आणि वर पुन्हा गवती मॅट. तीन थर! ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट, हुकात अडकवलेली, बाकी काढून टाका.

ब्रेक स्विच: ब्रेक पेडलच्या वर, दांड्याला टेकून बसलेला अंगठ्याएवढा प्लास्टिकचा भाग. पेडल हललं की त्याची खुंटी सरकते, मागचे दिवे लागतात आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला ‘ब्रेक दाबला’ हे कळतं. क्रूझ त्याच निरोपावर सुटतं. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उलटी लावा, एकानं मागे उभं राहायचं, दुसऱ्यानं पेडल अगदी हळू, मिलिमीटर-मिलिमीटर दाबत जायचं. दिवे पेडल हलता-हलताच लागले पाहिजेत. माझ्या गाडीत पेडल चांगलं आत गेल्यावर लागत होते. वर्कशॉपचा माणूस ट्रायलला शहरातल्यासारखा ठणकावून ब्रेक मारायचा, त्यामुळे त्याला दोष कधी दिसलाच नाही. दिवे वेळेवर लागले म्हणजे स्विच निर्दोष, असं मात्र नाही: त्यात साधारणपणे दोन संपर्क असतात आणि दिव्यांचा संपर्क त्यातला एकच.

क्लॉक स्प्रिंग: क्रूझची बटणं कधी चालतात कधी नाही, हॉर्न गप्प आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला, असं त्रिकूट दिसलं तर स्टिअरिंगच्या आतली चपटी गुंडाळलेली वायर तुटत आली आहे. हे लांबवू नका, एअरबॅग उघडण्याचा प्रश्न आहे.

उंदीर: हसू नका. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. बोनेट उघडून लेंड्या, चावलेली टेप, उघडं तांबं दिसतंय का बघा आणि फोटो घ्या, कारण हे निघालं तर वॉरंटी मिळणार नाही, विम्याचा विचार करावा लागेल.

बाहेरून लावलेल्या वस्तू: पिकअप वाढवणारा थ्रॉटल कंट्रोलर, बाजारातले एलईडी टेललॅम्प, वायर कापून बसवलेला रिव्हर्स कॅमेरा. तक्रार करण्याआधी ते काढा. नाहीतर सगळं खापर त्यांच्यावर फुटेल, आणि कधी कधी योग्यच फुटेल.

हजार-पंधराशे रुपयांत ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मिळतो, गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोषांचे कोड तो मोबाईलवर दाखवतो. कोड दिसले तर स्क्रीनशॉट घ्या. पी०५७१ आणि पी०५०४ ब्रेक स्विचकडे बोट दाखवतात. पी२१३८ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पेडलमधल्या दोन सेन्सरचं आपसात जमत नाहीये. ‘क्लिअर’ बटण दाबू नका. दिवा विझतो, पण घटनेच्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती होतं, ही साठवलेली माहितीही पुसली जाते.

५. सर्व्हिस सेंटर: लढाई जॉब कार्डवर आहे

गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार ज्या कागदावर नोंदवतं ते जॉब कार्ड. अ‍ॅडव्हायझर तुमचं बोलणं ऐकून त्यावर लिहितो ‘पिकअप प्रॉब्लेम, चेक करणे’. त्या चार शब्दांवर पुढे सगळं अडतं. तक्रार तुम्ही घरून टाइप करून न्या आणि तीच जशीच्या तशी कार्डावर घ्यायला लावा. नमुना:

‘समृद्धी महामार्ग, सपाट रस्ता, क्रूझ १०० वर सेट. ब्रेक हलका दाबला असता क्रूझ रद्द झाले नाही, डिस्प्लेवर चिन्ह हिरवेच राहिले. जोरात दाबल्यावर रद्द झाले. तारीख, वेळ, ओडोमीटर. व्हिडिओ सोबत. कोड पुसण्यापूर्वी त्यांची प्रिंट द्यावी.’

‘ब्रेक फेल’, ‘गाडी वेडी झाली’ असं काही लिहू नका. जे दिसलं तेवढंच.

ट्रायलला सोबत जा आणि दोष ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती तयार करा. गल्लीत क्रूझ लागतच नाही, त्याला किमान ताशी तीस-चाळीसचा वेग लागतो. चालवायला त्यांचा माणूस, शेजारी तुम्ही.

गाडी परत घेताना समाधानपत्रावर सही मागतात. दोष गेलेला नसेल तर सहीच्या वर लिहा: ‘दोष कायम असल्याची हरकत नोंदवून गाडी ताब्यात घेत आहे.’ काउंटरवरची मुलगी नाराज होईल, तिचा दोष नाही, तरी लिहाच. काही सापडलं नाही म्हणत असतील तर तेही लेखी मागा. सुटा भाग बदलला तर बिलावर पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन लिहून घ्या.

फाइलमध्ये हे सगळं एकत्र हवं:
- आरसी, विमा, गाडीच्या खरेदीचं बिल, वॉरंटी पुस्तिका
- सगळी जॉब कार्डं आणि बिलं, शून्य रुपयांचीही
- व्हिडिओ, फोटो, कोडचे स्क्रीनशॉट (मूळ फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फाइलमधून तारीख-वेळेची माहिती जाऊ शकते)
- फास्टॅगचं स्टेटमेंट, त्या दिवशी तुम्ही त्या रस्त्यावर होता हे दाखवायला
- टोइंगची पावती
- कंपनीशी झालेले ई-मेल. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ असा मेल टाका

अपघात झाला असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी उघडू देऊ नका. अपघाताचं नुकसान पॉलिसीत येतं, पण बिघडलेला स्विच किंवा सेन्सर बदलण्याचा खर्च येत नाही. बऱ्याच गाड्यांच्या एअरबॅग कॉम्प्युटरमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांची नोंद असते, कोणता पेडल दाबला होता हेही त्यात असू शकतं. ती जपण्याची लेखी मागणी दुरुस्ती सुरू होण्याआधी करा.

६. रिकॉल आहे का बघा, नसेल तर तक्रार तिथंही टाका

कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाड्या परत बोलावणं) आहे का ते कळतं. असेल तर दुरुस्ती फुकट, गाडी तुम्ही सेकंड-हँड घेतली असली तरी. डीलर याला कधी ‘सर्व्हिस कॅम्पेन’ म्हणतो. नाव काहीही असो, फुकट आहे का एवढं विचारा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. परिवहन पोर्टलवर व्हेइकल रिकॉलचा विभाग आहे, तिथं मालक सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार नोंदवू शकतो. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. ठरावीक संख्येपर्यंत तक्रारी आल्या की सरकार चौकशी लावून सक्तीचा रिकॉल काढू शकतं, आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या एकट्याच्या तक्रारीनं दुसऱ्या दिवशी फोन येईल अशी अपेक्षा ठेवू नका. संख्या भरायला मात्र प्रत्येक तक्रार लागते, म्हणून त्याच मॉडेलच्या मालकांचा ग्रुप असेल तर तिथं चिडचिड करणाऱ्यांनाही पोर्टलवर पाठवा.

७. कंपनी, १९१५, ग्राहक आयोग

डीलरकडे दोन फेऱ्यांत काम झालं नाही तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवा आणि एरिया मॅनेजरसमोर तपासणी मागा. पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती निकाल देत नाही, कंपनीपर्यंत तक्रार नेते, पण बऱ्याच वेळा तेवढ्यानंही काम हलतं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. शोरूम पुण्यात आणि तुम्ही लातूरला असाल तर लातूरला. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून जातो. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही. गाडीच्या तांत्रिक प्रकरणात मी तरी घ्यावा म्हणेन.

गाडीची प्रकरणं तज्ज्ञाच्या अहवालावाचून पडतात. मालक म्हणतो उत्पादन दोष, कंपनी म्हणते गाडी इतके हजार किलोमीटर चालली आहे, मग दोष कसला? नव्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. ती मागणी अर्जातच करा, खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. अर्जात डीलर आणि कंपनी दोघांनाही सामील करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आणि मागणी नेमकी ठेवा. गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत, नाहीतर दोष कायमचा काढून वाढीव वॉरंटी, असा उतरता क्रम लावा. स्विच बदलून प्रश्न सुटणार असेल तर नवी गाडी कोणी देत नाही.

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज गेला पाहिजे. कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि ‘आम्ही बघतो आहोत, सर’ या उत्तरावर लोकांची ती निघून जाते. पहिल्या जॉब कार्डाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि दीड वर्षावर आठवण लावा.